कपाटात एक, शीटमध्ये चार

या शाळेत वि. स. खांडेकर चार आहेत. पहिले ‘वि. स. खांडेकर’, प्रत्येक अक्षरापुढे टिंब आणि मध्ये मोकळी जागा. दुसरे ‘वि.स.खांडेकर’, सगळं एकमेकांना चिकटलेलं. तिसरे ‘खांडेकर, वि. स.’, कारण ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात आडनाव आधी लिहायला शिकवतात. आणि चौथे ‘विस खांडेकर’, फोनला तोंडी सांगून टाइप झालेले. कपाटात ‘ययाति’ आहे. पण नववीतल्या मुलीनं ‘ययाती’ असं दीर्घ लिहून शोधलं, तर लॅपटॉप सांगतो, असं पुस्तक नाही. ज्या कादंबरीला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं ती हाताच्या अंतरावर फळीवर उभी, आणि पडद्यावर शून्य.

“हे चारही माझेच,” ग्रंथपालबाई हसत म्हणाल्या. “पहिले मी उत्साहात असतानाचे, शेवटचे मार्च महिन्यातले.”

‘पडदा’ हा यंदाच्या अंकाचा विषय. मोबाइलमुळे मुलं वाचत नाहीत हे सगळेच लिहितील, तुम्ही पुस्तकांमध्ये काम करणाऱ्या माणसाकडे जा आणि पडद्यानं त्याचं काय केलं ते बघा, असं संपादकांनी सुचवलं. म्हणून सातारा जिल्ह्यात, वाईपासून फार लांब नसलेल्या एका माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात जाऊन बसलो. शाळेचं आणि बाईंचं नाव देत नाही. त्यांची तशी अट होती. पट हजाराच्या वर आहे म्हणून इथे पूर्णवेळ ग्रंथपाल आहे. पाचशे ते हजार मुलं असली तर अर्धवेळ आणि त्याखाली कुणीच नाही, हा चिपळूणकर समितीपासून चालत आलेला हिशेब. पूर्णवेळ म्हणजे ग्रंथालयासाठी पूर्णवेळ असं मात्र समजू नये. जूनमध्ये मोफत पाठ्यपुस्तकांचं वाटप बाईंकडे, शिष्यवृत्तीचे अर्ज बाईंकडे, परीक्षेच्या काळात बैठकव्यवस्था बाईंकडे, आणि एखादे सर रजेवर असले की तो मोकळा वर्ग ग्रंथालयात, म्हणजे पुन्हा बाईंकडेच. माझ्यासमोर सातवीचा एक वर्ग असाच आला, पुस्तकांवर तुटून पडला आणि घंटा झाल्यावर फळ्यांवर पडझड ठेवून गेला.

भिशीच्या वहीतून

बाईंना संगणक शिकवला तो भिशीनं. गल्लीतल्या बायकांची भिशी त्यांच्याकडे होती. कुणाचे पैसे आले, कुणाचे राहिले, चिठ्ठी कुणाची निघाली, हे वहीत लिहिलं की कुणीतरी म्हणायचंच, माझे दिलेत की मी. मुलीनं फोनवर गूगल शीट उघडून दिली आणि सांगितलं, ही सगळ्यांना दिसू दे. ज्यांचे पैसे बाकी त्यांचा चौकोन आपोआप लाल होईल, अशी सोयही तिनंच करून दिली. भांडणं संपली. पुढच्याच आठवड्यात बाईंच्या डोक्यात आलं की ‘पैसे बाकी’च्या जागी ‘पुस्तक बाकी’ लिहिलं तर ही देवघेव नोंदवहीच झाली.

आज त्यांच्या लॅपटॉपवर जी शीट आहे तिचे रकाने जुन्या दाखल नोंदवहीचेच आहेत: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, आवृत्ती, पानं, किंमत, बिल क्रमांक, शेरा. कागदी नोंदवहीही चालू आहे, कारण तपासणीला येणारे अधिकारी तीच मागतात. म्हणजे एकच काम दोनदा. “पण वहीत शोधता येत नाही, आणि शीटवर सही करता येत नाही,” असं त्यांनी मला समजावलं. यापेक्षा नेमकं वर्णन मला सुचणार नाही.

स्वतःसाठी शिकायचं आणि मग ते ग्रंथालयात आणायचं, हाच त्यांचा सगळा प्रवास. स्वयंपाक करताना पुस्तक ऐकायची सवय लागली, त्यातून मुलांच्या आवाजात पुस्तक-परिचय रेकॉर्ड करायची कल्पना निघाली. भाचीच्या लग्नाची पत्रिका कॅनव्हावर करून पाहिली, मग त्याच साच्यात १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचा फलक झाला. सासऱ्यांच्या अभंगांच्या वहीचे फोटो काढून ती पीडीएफ केली, तेव्हा कळलं की शाळेच्या जुन्या हस्तलिखित अंकांचंही असंच करता येईल. उलटा प्रवासही आहे. ग्रंथालयाच्या सवयीनं त्यांनी घरातल्या औषधांनाही क्रमांक दिलेत, असं त्यांच्या यजमानांनी चहा देताना सांगितलं.

ग्रंथपालांनी खेळत खेळत ऑनलाइन साधनं शिकावीत, ही कल्पना एका मोठ्या ग्रंथालयानं रीतसर राबवलीही होती. अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स या अधिकारी बाईंनी २००६ मध्ये कर्मचाऱ्यांपुढे तेवीस छोट्या गोष्टींची यादी ठेवली: ब्लॉग काढून बघा, फोटो चढवून बघा, वाचलेल्या पुस्तकांची ऑनलाइन यादी करून बघा. वर्ग नाही, परीक्षा नाही. जो सगळ्या गोष्टी पुऱ्या करील त्याला एमपीथ्री प्लेअर बक्षीस. ‘तेवीस गोष्टी’ जगभरच्या ग्रंथालयांनी उचलल्या, कॅलिफोर्नियातल्या शालेय ग्रंथपालांनी स्वतःची आवृत्तीही केली. त्या यादीतली बरीच साधनं आज मेलेली आहेत. बातम्या आणि ब्लॉग एकत्र वाचायचं गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं, तशीच इतरही कितीतरी गेली. तरी ज्यांनी ते केलं ते नव्या साधनाला घाबरेनासे झाले, एवढं हाती राहिलं. बाईंनी हेच केलं, फक्त त्यांना कुणी वेळ दिला नाही, की बक्षीस. त्यांचे तास रात्री नऊनंतरचे, भांडी झाल्यावरचे.

दिसतं एक, असतं दुसरं

मराठी पुस्तकाचं नाव संगणकात घालणं यात काय अवघड आहे, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. बाईंच्या शेजारी बसल्यावर एकेक गाठ दिसायला लागली.

शाळेत पंधरा-एक वर्षांपूर्वी एका संगणक शिक्षकांनी सगळी यादी टाइप केली होती. ती सीडीवर आहे, उघडतेही. पण त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक कंपनीचा अक्षरांचा हिशेब वेगळा असायचा. तो विशिष्ट फॉन्ट संगणकात नसेल, तर ‘श्यामची आई’च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत. बाईंनी ती वापरलीही. निम्मी यादी सुधारली. उरलेल्या निम्म्यात जोडाक्षरं मोडली, वेलांट्या सरकल्या. शेवटी दाखल नोंदवही पुढ्यात घेऊन नव्यानं सुरुवात केली.

नव्या सुरुवातीला मदत झाली ती फोनला बोलून लिहिण्याची. मराठी बोलून टायपिंग २०१७ पासून सहज मिळायला लागलं आणि ज्यांचे हात कळफलकावर चालत नव्हते त्यांना वाचा फुटली. बाई कपाटासमोर स्टुलावर बसून एकेक पुस्तक उघडतात आणि फोनला सांगत जातात. ‘बनगरवाडी’ म्हटलं की कधी ‘बंगरवाडी’ येतं. ‘कोसला’ म्हटलं की ‘कोसळला’. आद्याक्षरं तर हमखास चुकतात, कारण ‘वि स’ या उच्चारात टिंब नाही. चौथे खांडेकर जन्मले ते असे.

त्याखालचा थर डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला चंद्रकोरीसारखा ‘ऱ्’ संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारांनी लिहिता येतो, आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. एका कळफलकावर लिहिलेलं नाव दुसऱ्या कळफलकावरून शोधलं, तर सापडत नाही. ‘ॲलिस’मधल्या ‘ॲ’ची तीच गत. क्रमवारी हा आणखी एक घोळ. आपण शाळेत क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी म्हणतो. शीटनं मात्र ‘क्ष’ क-मध्ये धरला आणि ‘ज्ञ’ ज-मध्ये, कारण यंत्राच्या लेखी ती जोडाक्षरं आहेत. बाईंच्या छापील यादीत ‘ज्ञानेश्वरी’ म्हणून ‘झ’च्या अलीकडे सापडते. कॅटलॉग-कार्डांच्या लाकडी खणात ती ‘ह’च्या पुढे होती. मुलं खणात शोधायला शिकली होती, आता यादीत शोधायला शिकतील. पण ज्या शिक्षकांनी ‘यादीत नाही’ म्हणून दुसरी प्रत विकत घ्यायला लावली, त्यांना हे कोण सांगणार?

टोपणनावांचं तर विचारू नका. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच गृहस्थ, हे मराठीच्या तासाला बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. कविता एका नावानं, नाटकं दुसऱ्या नावानं, आणि २७ फेब्रुवारीला प्रदर्शन मांडायचं तर दोन्ही हवीत. बाईंनी त्यासाठी वेगळा रकाना केलाय, ‘हेच ते’ नावाचा. ग्रंथालयशास्त्रात या कामाला भारदस्त नाव आहे, मोठ्या ग्रंथालयांत त्यासाठी स्वतंत्र माणसं असतात. पण ‘हेच ते’ मला जास्त आवडलं.

९७८ पासून सुरू होणारा आकडा

दुसरं टोक बघावं म्हणून पुण्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलो. वातानुकूलित ग्रंथालय, गालिचा, बसायला रंगीत गोळे, विकत घेतलेलं सॉफ्टवेअर. तिथले तरुण ग्रंथपाल सर एका इंग्रजी पुस्तकाचा बारकोड यंत्रासमोर धरतात; टुक असा आवाज होतो आणि नाव, लेखिका, प्रकाशक, वर्ष, पानं, मुखपृष्ठाचं चित्र, विषयसुद्धा, सगळं आपोआप भरलं जातं. पाच सेकंद.

ही जादू नाही, यामागे अर्ध्या शतकाची साठवण आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली महाविद्यालयं १९६७ मध्ये एकत्र आली, त्यांनी एक सामायिक यादी ठरवली, आणि १९७१ पासून एका ग्रंथालयानं केलेली नोंद दुसऱ्याला तारेवरून मिळायला लागली. एकानं नोंद करायची, बाकीच्यांनी उचलायची. तीच यादी पुढे वर्ल्डकॅट म्हणून जगभर पसरली. आज बारकोड वाचल्यावर जे भरतं ते कुठल्यातरी ग्रंथपालानं कधीतरी हातानं भरलेलं असतं.

मग सरांनी एक मराठी पुस्तक धरलं. टुक आवाज झाला. पडद्यावर नाव आलं ते रोमन लिपीत, लेखकाच्या आडनावाचं स्पेलिंग चुकीचं, प्रकाशकाची जागा रिकामी. पुढच्या पुस्तकाला काहीच आलं नाही. त्याच्या पुढच्या पुस्तकावर बारकोडच नव्हता. भारतातल्या पुस्तकांचे आयएसबीएन, म्हणजे बारकोडमधले ओळख-क्रमांक, ९७८-८१ किंवा ९७८-९३ असे सुरू होतात आणि दिल्लीतल्या राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मिळतात. पण ते घेणं ऐच्छिक आहे. जुन्या मराठी पुस्तकांवर ते नाहीतच, आणि नव्यांवर असले तरी त्या आकड्यामागे नोंद भरायचं काम फारसं कुणी केलेलं नसतं. मग सर रोमनमध्ये टाइप करतात. ‘चाळ’ या शब्दात एक ए घालायचा की दोन, हे त्या दिवशीच्या मूडवर. मुलं तिसऱ्याच पद्धतीनं शोधतात.

“मराठीची कपाटं मी तोंडपाठ ठेवलीत,” सर म्हणाले. महागड्या सॉफ्टवेअरच्या शाळेत मराठीपुरती ही व्यवस्था आहे: माणसाची आठवण.

मोफत सॉफ्टवेअरही आहेत. सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आहे, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झालेलं आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलेलं खुलं कोहा आहे. दोन्ही चांगली आहेत. पण मोफत म्हणजे सॉफ्टवेअर मोफत; सर्व्हर कोण सांभाळणार, बिघडलं की फोन कुणाला करायचा, आणि बाईंची बदली दुसऱ्या शाखेत झाली तर पासवर्ड कुणाकडे, हे प्रश्न तसेच राहतात. सातारा जिल्ह्यातल्या बाईंनी कोहा बसवून पाहायचा नाद दिवाळीच्या एका सुट्टीत केला आणि सोडला. शीटच बरी, असं त्या म्हणतात, आणि त्यांच्या परिस्थितीत मला त्यांचं पटतं.

वर्गीकरणाबद्दल एक बारीक तक्रार इथेच नोंदवून ठेवतो. मेल्विल ड्युईनं १८७६ मध्ये जगाच्या ज्ञानाचे दहा भाग पाडले. त्यात इंग्रजी कादंबरी ८२३ या सुटसुटीत तीन अंकांत बसते, आणि मराठी कादंबरी दशांश चिन्हाच्या पलीकडे, ८९१.४६३. शाळेतली अर्धी कपाटं याच एका आकड्यावर येऊन पडतात, त्यामुळे मुलांना त्याचा उपयोग शून्य. बाईंनी सरळ पाठपट्टीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात. भुताखेतांच्या गोष्टींना जांभळी. जांभळ्या पट्टीची पुस्तकं सगळ्यांत मळकी आहेत.

चोरीचं नको

व्हॉट्सअॅपवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफचा पूर वाहतो हे वाचकांना सांगायला नको. पालक कौतुकानं बाईंना पाठवतात, “मॅडम, मुलांसाठी खजिना.” बाई तो पुढे पाठवत नाहीत. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून त्यांची पुस्तकं सगळ्यांची. खांडेकर १९७६ मध्ये गेले. ‘ययाति’ २०३७ पर्यंत थांबेल. व्यंकटेश माडगूळकर २००१ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०६२. हे गणित बाईंनी नववीच्या वर्गाला फळ्यावर करायला लावलं. वजाबाकी-बेरीज आणि मराठीचा इतिहास एका तासात झाला, शिवाय एका मुलानं विचारलं, “मग मी लिहिलेलं कधी फुकट होणार?” त्याचं उत्तर बाईंनी दिलं नाही म्हणे.

पीडीएफला नाही म्हणायचं तर बदल्यात काही द्यायला हवं. ते देण्यासारखं बरंच आहे, ही या धांडोळ्यातली मला झालेली सुखद जाणीव. १९७१ पासून बालभारती काढत असलेल्या ‘किशोर’चे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात, एखाद्या आजीला तिच्या लहानपणचा अंक नातवाच्या फोनवर दाखवता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभा केलेला मराठी विश्वकोश, ज्याचे जाडजूड खंड मुलांना उचलत नाहीत, तो सगळा शोधता येण्याजोगा इंटरनेटवर आहे. बाईंच्या शाळेपासून वाई जवळ. तरीही मुलांना विश्वकोश भेटला तो पडद्यावर. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर चित्रगोष्टी आहेत, मराठीतही, आणि त्यांचा परवानाच असा की छापा, भाषांतर करा, नाव दिलंत की झालं. बाईंनी पाचवीच्या मुलांकडून त्यातल्या दोन गोष्टी त्यांच्या बोलीत सांगून घेतल्या. मराठी विकिस्रोतवर साने गुरुजी, ह. ना. आपटे. पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर कोड २०१७ पासूनच्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक मंचाकडे नेतात.

या सगळ्यांची मिळून एक यादी मात्र कुठेही नाही. बाईंनी त्यांच्यापुरती केली: एका कागदावर क्यूआर कोड छापून कपाटांच्या दारांवर चिकटवले. जांभळ्या पट्टीच्या कपाटावर ‘किशोर’च्या दिवाळी अंकांचा कोड आहे.

रात्री साडेआठ

हे कोड मुलं कधी वाचणार? शाळेत फोन आणायला बंदी आहे, आणि असायलाच हवी. घरी फोन वडिलांचा. वडील दुकानातून, कारखान्यातून, एसटीच्या ड्युटीवरून परत येतात तेव्हा तो मुलांच्या हाती पडतो. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात काही निवडक ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी आहे. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो अशांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. वर्गात बसलेल्या मुलींकडे बघताना हा आकडा चेहऱ्यांवर वाचता येतो.

म्हणून बाईंचं खरं ग्रंथालय रात्री साडेआठला उघडतं. त्या वेळी त्या वर्गांच्या गटांवर एक पुस्तक टाकतात: मुखपृष्ठाचा फोटो, दाखल क्रमांक, आणि एखाद्या मुलानं रेकॉर्ड केलेली मिनिटभराची ओळख. “ह्या पुस्तकात एक म्हैस हाय, आणि ती लई शहाणी हाय,” असं एका मुलानं सुरुवात केलेली ओळख मी ऐकली. दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकाला रांग होती. दाखल क्रमांक टाकायचं कारण असं की सकाळी मुलं नाव विसरतात, पण तळहातावर लिहून आणलेला आकडा दाखवतात.

सुरुवातीला बाईंनी संध्याकाळी पाचला टाकून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. सकाळी टाकलं तर आयांनी ऐकलं. आयांचा परिणाम वेगळाच झाला: तिघी-चौघींनी मुलांच्या नावावर स्वतःसाठी पुस्तकं मागवायला सुरुवात केली. नियमात बसत नाही. बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात ‘पालक’ लिहिलं आणि दिलं. ऑनलाइन साधनांनी वाचन वाढलं का, असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी या रकान्याकडे बोट दाखवीन.

अलीकडे एआयचा चॅटबॉटही त्यांनी वापरून पाहिला. सहावीसाठी मराठी पुस्तकांची यादी मागितली, ती चटकन आली, शुद्धलेखन उत्तम. त्यात माडगूळकरांच्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेली एक कादंबरी होती. बाईंना संशय आला तो कपाटांकडे पाठ करून उभं राहूनही सगळी फळी डोळ्यांपुढे येते म्हणून. तिशीतल्या एखाद्या शिक्षकाला आला नसता, आणि त्यानं ती यादी खरेदी समितीपुढे ठेवली असती. पत्रं लिहायला, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन जुळवायला तो ठीक आहे, असं बाईंचं मत. पुस्तकांचं विचारू नये.

खातं कुणाचं?

एका गोष्टीनं मात्र मी अस्वस्थ झालो. हे सगळं, म्हणजे शीट, मुलांचे आवाज, हस्तलिखित अंकांचे फोटो, क्यूआर कोडांची यादी, बाईंच्या वैयक्तिक गूगल खात्यावर आहे. मोफत जागा १५ जीबी. १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात. त्यामुळे भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ आणि आठवी ‘ब’चे पुस्तक-परिचय एकाच जागेसाठी भांडतात. मागच्या वर्षी जागा संपली. बाईंनी काय पुसलं असेल? लग्नाचे व्हिडिओ.

शाळेचं खातं का नाही, असं मी मुख्याध्यापकांना विचारलं. आहे की, त्यांनी सांगितलं. पण त्याचा पासवर्ड लिपिकाकडे, त्यावर शासनाचे मेल येतात, त्यात भर नको. त्यांचंही चुकत नव्हतं. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर माहिती भरायची असते, तिथे ग्रंथालयाचा रकाना बहुधा एकच: आहे की नाही.

बाईंना निवृत्तीला फार वर्षं राहिलेली नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या घरी जातील आणि शीट त्यांच्याबरोबर जाईल. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकायचं धोरण गूगलनं २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. त्यांच्या जागी पूर्णवेळ माणूस येईल का, हे त्या वर्षीच्या पटावर. आला नाही तर कागदी दाखल नोंदवही उरेल, म्हणजे सगळं जिथून सुरू झालं तिथेच. बाईंच्या कामाची किंमत कमी करायला मी हे सांगत नाही. एका माणसाच्या हौशीवर आणि एका फोनवर उभी असलेली व्यवस्था ही व्यवस्था नसते, एवढंच.

एकदाच टाइप व्हावं

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवा असं एक सूत्र आहे. ग्रंथपालाचा वेळ वाचवा असं सहावं कुणी जोडायला हवं होतं. ‘श्यामची आई’ महाराष्ट्रातल्या बहुतेक माध्यमिक शाळांत आहे. प्रत्येक शाळेत कुणीतरी बाई, कुणीतरी सर तिचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं पुन्हा पुन्हा टाइप करतात, प्रत्येकजण आपल्या पद्धतीनं, आणि प्रत्येक शाळेत गुरुजी दोन-तीन होतात: साने गुरुजी, पां. स. साने, सानेगुरुजी.

यावरचा उपाय खर्चिक नाही. मराठी पुस्तकांची एक सामायिक, देवनागरीतली, खुली यादी. लेखकाचं नाव एकाच पद्धतीनं, टोपणनावं जोडलेली, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी सापडेल अशी. एका शाळेनं भरावं, दुसरीनं उचलावं. बालभारती, विश्वकोश मंडळ, राज्य मराठी विकास संस्था, यांच्यापैकी कुणीही हे करू शकेल. त्यांनी याहून अवघड कामं केलेली आहेत. प्रकाशकांनी आयएसबीएनबरोबर देवनागरी नोंदही द्यावी, ती त्यांच्या बिलाच्या संगणकात असतेच. आणि ही यादी शाळेच्या खात्यावर असावी, बाईंच्या नव्हे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांकडे एक मागणं आहे. वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मरणार्थ, घर आवरताना आपण शाळांना पुस्तकं देतो. ती देताना सोबत एक यादी द्या. पुस्तकाचं पूर्ण नाव मुखपृष्ठावर आहे तसं, लेखकाचं नाव, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, पानं, किंमत, आणि असला तर आयएसबीएन, युनिकोड मराठीत टाइप करून. पन्नास पुस्तकांची यादी करायला तुमची एक संध्याकाळ जाईल. शाळेतल्या बाईंचा एक आठवडा वाचेल. आणि खांडेकरांच्या आद्याक्षरांपुढे टिंब देऊन जागा सोडा.